उरलेले पेले

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसते ती खिडकी. उंचावर, हात पोचणार नाही अशा जागी, लहानशी, चौकोनी. तिच्यातून सकाळच्या उन्हाचा एक पट्टा तिरपा उतरतो आणि थेट टेबलावर पडतो. इतका नेमका, की कुणी जाणत्या माणसाने शिडीवर चढून दिवा बांधून दिला असावा. टेबलावर पांढरी चादर. चादरीवर दोन गोल तबकं, प्रत्येकाला चाळीस भोकं. शेजारी उलटे घातलेले काचेचे ऐंशी पेले, अंगठ्याएवढे. भिंतीशी कपाट, एक स्टूल, खुंटीवर पाळकांचा काळा झगा. पलीकडच्या दाराआड चर्चचे रिकामे बाक. नळ तेवढा थेंब थेंब गळतो आहे.

उजवीकडून आक्का येते.

वय चौऱ्याहत्तर. अंगाने काडी, चालीने ताठ. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत घरून आणलेला मलमलीचा तुकडा, कारण चर्चच्या फडक्यांवर तिचा काडीचा विश्वास नाही. ती चपला दाराशी काढते, बाह्या वर सारते आणि पहिला पेला उन्हात धरून फिरवते. कुठे बोटाचा ठसा दिसला की जीभ टाळ्याला लावून 'च्' करते, पुसते, पुन्हा धरते. ऐंशी पेले, ऐंशी वेळा. मग चोचीच्या भांड्यातून एकेकात द्राक्षाचा रस ओतते. काठाखाली नखभर जागा सोडून, कारण म्हाताऱ्यांचे हात थरथरतात आणि चादर तिलाच धुवावी लागते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेच्या दीड तास आधी, हा प्रवेश एकोणीस वर्षं असाच चालत आला होता. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. येशू मरणाच्या आदल्या रात्री आपल्या माणसांबरोबर जेवला, त्याची ती आठवण: प्रत्येकाला भाकरीचा एक तुकडा, रसाचा एक घोट. तो रस म्हणजे त्याने सांडलेलं रक्त, माणसांच्या पापांचं प्रायश्चित्त. हे आक्का लहानपणापासून ऐकत आली होती आणि त्यावर तिचं दुमत नव्हतं. तिचं लक्ष असे ते पेल्यांवर.

एक गोष्ट मात्र कुणालाही खटकली असती. चर्चच्या मंडळीत कधीकाळी ऐंशी माणसं होती. आता ओढूनताणून पन्नास. तरी आक्का ऐंशीच्या ऐंशी भरायची. उपासना संपली की उरलेले पेले ती मागच्या अंगणात नेई आणि भिंतीकडेच्या मातीत एकेक करून ओती. मोरीत कधीच नाही. मग धुऊन, पुसून, पालथे घालून घरी. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सवय आहे."

ती सवय कुठली, ते सांगायला हवं.

आक्का मुळात कपडेपटातली. रंगमंचाच्या मागे एक खोली असते, तिथे राजे, चोर, वकील आणि नवऱ्यामुली हँगरवर लटकून आपल्या वेळेची वाट बघत असतात. त्या खोलीत ती एकोणिसाव्या वर्षी काज-बटणं करायला म्हणून शिरली आणि पंचावन्नाव्या वर्षी बाहेर पडली. लग्न झालं होतं, नवरा दोन वर्षांत गेला, मूल नव्हतं. नाटक कंपनीच्या ऐंशी पोशाखांची मात्र ती आई होती. प्रत्येक पोशाखाच्या कॉलरच्या आत पांढरी पट्टी, आणि पट्टीवर लाल दोऱ्याने त्या नटाचं नाव, तिच्या हातचं. कुणाचा खांदा उतरता, कुणाचं पोट दर महिन्याला पुढे सरकणारं, कुणाचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर लांब, हे तिला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक.

कंपनीत एक बदली नट होता. मोठ्या नाटकात सेनापतीचं काम करणारा नट आजारी पडलाच तर हा उभा राहायचा. त्याचाही कोट होता, चौदा बटणांचा, त्याच्याच मापाचा. नाटक अकरा वर्षं चाललं आणि सेनापतीला अकरा वर्षांत साधी शिंक आली नाही. तरी आक्का प्रत्येक प्रयोगाला तो दुसरा कोट इस्त्री करून लावून ठेवायची. मॅनेजर कावायचा. आक्का, अहो घालणार कोण तो? ती वर न बघता म्हणायची की घालणं त्याचं काम, तयार ठेवणं माझं.

शेवटच्या प्रयोगानंतर तो बदली नट कपडेपटात आला. रंग न लावलेला चेहरा, केस पांढरे झालेले. त्याने कोट मागून घेतला, आरशासमोर उभा राहून चौदाही बटणं लावली, आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला. मग चौदाही बटणं काढली आणि कोट तिच्या हातात दिला. "बरोब्बर बसला, आक्का," एवढंच म्हणाला.

ती गोष्ट आक्का फारशी सांगत नसे. 

आता तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे दिवेवाला म्हणत. तीस वर्षं त्याच कंपनीचे दिवे त्याने सांभाळले. कुठल्या नटीचं नाक कुठून उजळायचं आणि कुणाचं टक्कल कुठून झाकायचं हे त्याच्या बोटांत होतं. बहीणभाऊ दोघंही नाटकात गेली तेव्हा चर्चच्या तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी दोघांना समोर बसवून ऐकवलं, की रंगमंच आणि उपासना एका घरात नांदत नाहीत. आक्काने मान खाली घातली आणि मागच्या बाकावर जाऊन बसत राहिली. धाकटा बावीस वर्षांचा, रक्त गरम. तुमच्या देवाला उजेडाचं वावडं असेल तर मी अंधारातच बरा, असं म्हणून जो उठला तो परत पायरी चढला नाही. पुढे शिडीवरून पडला, खुबा मोडला, काठी आली. लग्न केलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर, आक्काच्या दोन खोल्यांत येऊन राहिला आणि बिघडलेले दिवे, पंखे, रेडिओ उघडून बसू लागला.

दर पहिल्या रविवारी आक्का घरी आली की तो हातातला स्क्रू-ड्रायव्हर न ठेवता विचारायचा.

"काय आक्का, माझा पेला भरलास?"

"भरला."

"मग प्यायलं कोण?"

"कोणी नाही. मातीत ओतला."

"म्हणजे वाया गेला की," असं म्हणून तो हसायचा, आणि ती ताट वाढायला जायची. एकोणीस वर्षं हा संवाद असाच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मग नवे पाळकसाहेब आले. वय तेहेतीस, बारीक, चष्मा, नाकासमोर चालणारे. आवाज मोठा नव्हता, पण खरा होता, आणि खरा आवाज आक्काला शेवटच्या बाकावरूनही ओळखू यायचा. त्यांनी लागोपाठ तीन रविवार एकाच प्रश्नावर उपदेश केला. येशू क्रूसावर मेला तो कुणासाठी? सगळ्यांसाठी, की देवाने निवडलेल्यांसाठी? त्यांनी दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या. शेकडो वर्षं मोठमोठी माणसं यावर भांडत आली आहेत, म्हणाले. काही म्हणतात, तो सगळ्या जगासाठी मेला. ज्याला हवं त्याने घ्यावं. पण मग जो घेत नाही, त्याच्यासाठी सांडलेलं रक्त वाया गेलं म्हणायचं का? आणि इथे त्यांचा आवाज खाली आला. नाही, म्हणाले. तो मेला तेव्हा त्याच्यापुढे गर्दी नव्हती. नावं होती. त्या वेदनेत, श्वास तुटत असताना, एकेक नाव त्याच्या मनात होतं. ज्यांच्यासाठी तो मेला त्यांच्यातला एकही हरवणार नाही. एक थेंबही वाया गेलेला नाही.

आक्काच्या अंगावर सरसरून काटा आला. छत्तीस वर्षं तिने मोठमोठी भाषणं विंगेतून ऐकली होती, पण असं काही ऐकलं नव्हतं. इतक्या शतकांपूर्वी, मरताना, एका माणसाच्या मनात नावं. तिने नकळत स्वतःच्या मानेमागे, कॉलरच्या पट्टीच्या जागी, हात लावला. आणि त्याच क्षणी प्रश्न आला. धाकट्याचं नाव होतं का त्यात? नसेल तर एकोणीस वर्षं ती कुणाचा पेला भरत होती?

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी मागच्या अंगणात तिला पेले ओतताना पाहिलं. रागावले नाहीत, ते रागावणारे नव्हतेच. हळूच म्हणाले की असं नको. जे आपण आत शिकवतो त्याच्या उलट बाहेर दिसायला नको. पुढच्या खेपेपासून मोजून भरू. त्यांनी मंडळीच्या नोंदवहीवरून यादी केली, बावन्न नावं, सुंदर अक्षरात, आणि कपाटाच्या दारावर टाचणीने लावली.

आक्काने यादी वाचली. धाकटा त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. दिग्दर्शकाने सांगितलेलं कपडेपटवाल्याने करायचं, ही तिची आयुष्यभराची शिस्त. पुढच्या पहिल्या रविवारी तिने बावन्न पेले भरले. उरलेले अठ्ठावीस पुसून रिकामेच तबकात ठेवले, दात पडल्यासारखं तबक बरं दिसत नाही म्हणून. मात्र त्रेपन्नाव्या पेल्याशी भांडं नेलं आणि परत आणलं, असं दोनदा झालं.

उपासना सुरू झाली. त्या दिवशी नेमके सगळे आले होते, आजारपणातून उठलेलेसुद्धा. तबकं बाकांवरून फिरली. शेवटच्या बाकावर आक्काने आपला पेला घेतला आणि तबक पुढे परत गेलं. रीत अशी, की पाळकांनी सर्वांत शेवटी घ्यायचं. पाळकसाहेबांनी तबकाकडे पाहिलं. क्षणभर थांबले. मग एक पेला उचलला, ओठांना लावला, डोळे मिटले, खाली ठेवला आणि प्रार्थना सुरू केली.

कुणाला काही कळलं नाही. आक्काला कळलं.

नोंदवही मंडळीची. पाळकाचं नाव मंडळीच्या नोंदवहीत नसतं. तो वरून नेमलेला असतो. त्यांनी यादी केली, तीनदा तपासली, कुणी सुटायला नको म्हणून रात्रंदिवस काळजी केली, आणि स्वतःलाच विसरले. आणि तिनेही डोळे झाकून यादीबरहुकूम भरलं. आपण बावन्न पेले भरले आणि देणाऱ्यालाच रिकामा दिला, या विचाराने तिला बाकावरून उठवेना.

ती घरी गेली. चपला काढल्या. आतून ठरलेला आवाज आला.

"काय आक्का, माझा पेला भरलास?"

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

स्क्रू-ड्रायव्हर थांबला. धाकट्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाला.  जेवला नाही धड. रेडिओ उघडा तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. आक्काने चहा पुढे केला की घ्यायचा, कप खाली ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. मंगळवारी संध्याकाळी, ती दिवा लावत असताना, पाठमोराच म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटत होतं मी थट्टा करतोय."

 छत्तीस वर्षांत तिने एक कोट इस्त्रीवाचून ठेवला नव्हता, आणि ठेवला तो नेमका याचा.

बुधवारी दुपारी ती चादर धुवायला म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत गेली. खरं म्हणजे भांडायला गेली होती, पण भांडणाचा एकही शब्द तिच्याकडे नव्हता. पाळकसाहेब आधीच तिथे होते. स्टुलावर बसून यादीकडे बघत होते.

"आक्का," ते म्हणाले, "रविवारी माझा पेला रिकामा होता."

"दिसलं मला."

"शेवटच्या बाकावरून?"

"भरला पेला उचलताना आधी मनगट जड होतं, मग हात वर जातो. तुमचा हात नुसताच वर गेला. आणि गिळलं नाहीत तुम्ही. आमच्या नटांनासुद्धा हे शिकवायला लागायचं."

पाळकसाहेबांना हसू आलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाले की वाया जाऊ नये म्हणून मोजलं, आणि मोजणाराच बाहेर राहिला. तीन दिवस तोच रिकामा पेला डोळ्यांपुढे आहे.

आक्काने चादर बादलीत सोडली आणि सगळं सांगितलं. धाकटा, एकोणीस वर्षांची थट्टा, रविवारचं 'नाही', कालचं वाक्य. पाळकसाहेब जिवाचा कान करून ऐकत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी व्यासपीठावरून कधी सांगितलं नव्हतं.

ते अनाथाश्रमात वाढले होते. तिथे वर्षातून दोनदा कपडे यायचे, मोठ्या गाठोड्यात, सगळ्यांसाठी. गाठोडं सोडून जमिनीवर ढीग करायचे आणि मुलं तुटून पडायची. त्यांच्या वाट्याला जे यायचं त्याच्या बाह्या लांब, कंबर सैल. अठरा वर्षांत एक कपडा मापाचा मिळाला नाही. मग कुणीतरी सांगितलं की तुझ्यासाठी एकजण मेला, आणि मरताना तुझं नाव त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी बरोब्बर बसलं.

"म्हणून सगळ्यांसाठी म्हटलं, की मला तो ढीग दिसतो, आक्का."

आक्का बादलीपाशी तशीच ओणवी राहिली. हातावर साबणाचा फेस. या बारीक माणसाच्या सगळ्या विद्वत्तेखाली लांब बाह्यांचं एक मूल उभं होतं, हे तिला आत्ता दिसलं. ती हळूहळू सरळ झाली, आणि शब्द आपोआप आले.

"ढीग कशाला असेल, साहेब? आमच्या कपडेपटात ऐंशी पोशाख होते. ऐंशीच्या ऐंशी मापाचे. प्रत्येकाच्या कॉलरमध्ये नाव." मग तिने बदली नटाची गोष्ट सांगितली. चौदा बटणं, अकरा वर्षं, आरसा. "मी एक अडाणी बाई. मला ऐंशी मापं पाठ होती. त्याला सगळ्या जगाची नसतील?"

 वरच्या खिडकीतून उतरलेला उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत पाळकसाहेबांच्या गुडघ्यांवर आला होता. त्यांनी हाताकडे पाहिलं. हातावरचे केस उभे राहिले होते. सगळं जग, आणि एकही माप चुकलेलं नाही. मेलेले, जन्मायचे, शिव्या देऊन उठून गेलेले, सगळ्यांचे खांदे ज्याला पाठ असा एकजण. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा खोलीत, ओल्या चादरीशेजारी उभी होती आणि दोघांनाही तिच्याकडे धड बघवत नव्हतं.

"पण जे न घालताच निघून जातात त्यांचं काय?" त्यांनी विचारलं. हे पाळक म्हणून नव्हे, खरंच विचारत होते.

"ते मला ठाऊक नाही," आक्का म्हणाली. "पण कोट त्यांच्या मापाचा नव्हता, म्हणून नव्हे."

 मग पाळकसाहेब उठले. आपलं मत बदललं असं ते म्हणाले नाहीत. ते तसं एका दुपारी बदलणारे नव्हते आणि आक्कानेही तशी अपेक्षा केली नव्हती. ते कपाटापाशी गेले.

"यादी असेल, आक्का," म्हणाले, "पण मी ती पाहिलेली नाही. ही तर माझी होती." टाचणी काढून त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. वाकून नळ घट्ट पिळला. तो तरीही गळतच राहिला.

पुढच्या पहिल्या रविवारी आक्काने ऐंशी पेले भरले. उपासनेनंतर सत्तावीस उरले. सव्वीस तिने मातीत ओतले. सत्ताविसावा दोन्ही हातांत धरून ती तशीच रस्त्यावर आली.

चर्चपासून घर बारा मिनिटं. त्या दिवशी चाळीस लागली. पेला अंगठ्याएवढा, नजर त्याच्या काठावर, पाऊल इंच इंच. पाळकसाहेब पुढे, तिची पिशवी काखेत मारून, वाट मोकळी करत. त्यांनी आधीच सांगितलं होतं की मी देणार नाही आणि आग्रहही करणार नाही, मी फक्त पिशवी घेतो. बसथांब्यावरची माणसं मागे सरली. चांभाराने हातोडी हवेत धरली. एक सायकलवाला ओरडायला तोंड उघडून तसाच राहिला. काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, पण एक म्हातारी काहीतरी न सांडता नेते आहे एवढं दिसत होतं आणि तेवढ्यावर सगळा रस्ता श्वास धरून होता. मग तीन जिने. एकेका पायरीवर दोन्ही पावलं. वर पोचली तेव्हा आक्काच्या कपाळावर घाम होता आणि पेल्यात नखभर जागा तेवढीच होती.

धाकटा खिडकीशी बसला होता. त्याने आधी पाळकांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पेल्याकडे.

"हे काय?"

"तुझा," आक्का म्हणाली. "दर वेळी भरायचे तो हाच."

त्याने पेला घेतला. सवयीने, आयुष्यभराच्या सवयीने, आधी उजेडासमोर धरला. ऊन रसातून पार झालं आणि समोरच्या भिंतीवर एक लाल ठिपका पडला, जिवंत, कडेला किंचित सोनेरी. दिवेवाल्याचा हात थांबला. तीस वर्षं त्याने दिव्यांपुढे रंगीत कागद लावून पहाट आणि संध्याकाळ उभी केली होती. "हा लाल मला कधी जमला नाही," तो पुटपुटला. त्याने मनगट जरासं वळवलं. ठिपका भिंतीवरून सरकला, आक्काच्या कपाळावर आला, तिथून पाळकसाहेबांच्या पांढऱ्या शर्टवर, उघड्या रेडिओवर, छतावर, आणि फिरून त्याच्या स्वतःच्या छातीवर येऊन थरथरत राहिला. 

मग त्याने पेला तिच्या हातात परत दिला.

"आज नको, आक्का. तुम्ही दोघं एवढं चालत आलात म्हणून घेतला, असं व्हायचं. पुढल्या महिन्यात भरशील ना?"

"भरीन."

तिने तो रस खिडकीतल्या कुंडीत ओतला. पाठीमागून आवाज आला, "वाया गेला की." आक्काने पदराने डोळे पुसले आणि तिघांची ताटं घेतली.

त्यानंतर तीन वर्षं ती पेले भरत राहिली आणि तो विचारत राहिला. चर्चला तो गेला नाही. तिनेही कधी चल म्हटलं नाही. मग आक्काचं हृदय थकलं. एका गुरुवारी ती अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन धाकट्याला जे सांगायचं ते सांगितलं. येणारा रविवार पहिला होता. पाळकसाहेब निरोप पाठवत होते की आम्ही भरू, काळजी करू नका. आक्का डोळे मिटून म्हणायची की पुरुषांना काच पुसता येत नाही.

रविवारी सकाळी धाकट्याने काठी घेतली, पिशवी घेतली, खुंटीवरचा मलमलीचा तुकडा घडी करून खिशात घातला आणि शेजारणीला आक्काजवळ बसवून जिना उतरला. परत आला तेव्हा दीड वाजून गेला होता. त्या पायाने दोनदा जाणं-येणं होणार नव्हतं, म्हणून उपासना संपेपर्यंत तो शेवटच्या बाकावर, तिच्याच जागी बसून राहिला होता. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे मुद्दाम पाहिलंही नव्हतं. तबक मात्र सगळ्यांपुढून फिरतं तसं त्याच्याही पुढे आलं होतं.

मंगळवारी सकाळी आक्का गेली. रविवारच्या त्या दुपारनंतर ती बोलली नव्हती. तेव्हा त्या दुपारचं बोलणं नीट सांगायला हवं.

धाकटा पलंगाच्या कडेला टेकला. धाप लागली होती. आक्काने डोळे उघडले आणि विचारलं की सगळे भरलेस का. तो म्हणाला, ऐंशी. काठाखाली जागा ठेवलीस? नखभर. ठसे? उन्हात धरून पुसले.  मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रश्न तिने विचारला.

"आणि तुझा? मातीत ओतलास?"

"नाही," तो म्हणाला. "माझा उरला नाही, आक्का."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आरशासमोर कुणीतरी चौदा बटणं लावून उभं असावं आणि दारातून तिने पाहावं, तशी. खिडकीतलं ऊन पांघरुणावर आलं होतं. तिने हात पुढे केला, त्याच्या सदऱ्याची कॉलर चाचपली, सरळ केली.

"मग तो पेला दोन पाण्यांनी धुऊन ठेव," ती म्हणाली. "पुढच्या माणसाला लागेल."